४० तास, नववी आणि आजी: ऐरोलीच्या ताईंना उत्तर

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: कॅनडाला येताना मुलीला नववीनंतर आणावे की दहावी होऊ द्यावी, आणि ती रोज संध्याकाळी आजीला विरंगुळा केंद्रात नेते-आणते ती सेवा इथल्या शाळेच्या समाजसेवेच्या तासांत धरतात का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. धरत नाहीत. इथे कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात शालान्त पदविका मिळण्यासाठी विद्यार्थ्याला ४० तास विनावेतन समाजसेवा करावी लागते, आणि घरात एरवीही करावी लागणारी कामे त्यात बसत नाहीत. आमच्या शाळेने तरी आजी-आजोबांची देखभाल घरकामातच मोजली. बाहेरून आलेल्या मुलांना किती तास करायचे ते मुख्याध्यापक ठरवतात, त्यामुळे तुमच्या मुलीला कदाचित ४०हून कमी तास पडतील. पण जे पडतील ते परक्यांसाठीच करावे लागतील.

व्हिसा, बँक, घरभाडे यांविषयी मी लिहीत नाही; ती माहिती सरकारी संकेतस्थळांवर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली मिळेल. मी लिहायला बसलो ते तुमच्या या दुसऱ्या प्रश्नामुळेच.

आम्ही ठाण्याच्या नौपाड्यातले. माझा मुलगा पाचवीपासून शाळेतून आला, की आजोबांना घेऊन तलावपाळीला जात असे. मासुंदा तलावाला एक फेरी, कौपिनेश्वराला बाहेरूनच नमस्कार, गडकरी रंगायतनाच्या फलकावर कोणते नाटक लागले आहे ते आजोबांना वाचून दाखवणे, आणि राम मारुती रस्त्याने परत, असा त्यांचा क्रम ठरलेला होता. यात मुलगा काही विशेष करतो आहे असे आमच्या घरात कोणाच्या मनातही आले नाही. इथे आल्यावर त्याच मुलाने अनोळखी म्हाताऱ्यांच्या चाकाच्या खुर्च्या ढकलल्याचे तास अर्जावर लिहिले, वृद्धनिवासातल्या पर्यवेक्षक बाईंनी त्यावर सही केली, पालक म्हणून मी केली आणि शाळेने ते नोंदवून घेतले. नियमाचे कारण मला समजते, कारण घरच्या सेवेला सही देणार कोण आणि ती तपासणार कोण? तरीही त्या कागदावर सही करताना मला जे वाटले ते अजून पुरते निवळलेले नाही.

आता शाळेविषयी. परिपत्रकांत शाळेचे सगळे वर्णन असते, पण दिवस कसा जातो ते नसते. बहुतेक शाळांत वर्षाची दोन सत्रे असतात, एका सत्रात चार विषय, आणि रोज त्या चार विषयांचे साधारण सव्वा तासाचे चार तास. प्रत्येक तासाला खोली वेगळी आणि मुलेही वेगळी. आपल्याकडे ‘क’ तुकडी म्हणजे ‘क’ तुकडी. एकाच बाकावर वर्षभर बसलेला मुलगा भांडला तरी आपलाच असतो. इथे बाक नाही आणि तुकडीही नाही, आणि फेब्रुवारीत सत्र बदलले की ओळखीची झालेली चार तोंडेही पांगतात. नव्या मुलाला सगळ्यांत जड जाते ती जेवणाची सुट्टी, कारण तेव्हा कोणाच्या शेजारी बसायचे हे कोणीच ठरवून दिलेले नसते. माझा मुलगा बरेच दिवस डबा ग्रंथालयाबाहेरच्या जिन्यावर बसून खात होता, हे आम्हाला फार उशिरा कळले. तीनच्या सुमारास मुले घरी येतात. ठाण्यात त्या वेळेपासून क्लास, मग खाली क्रिकेट, मग पुन्हा अभ्यास असे भरलेले असे. इथे आईवडील सहापर्यंत कामावर, आणि डिसेंबरात पाचच्या आतच काळोख. या तीन तासांचे काय करायचे याचा विचार निघण्यापूर्वीच करा. शाळेच्या गुणांची काळजी त्यानंतर केली तरी चालेल.

गुणांवरून आठवले. मुलगा मराठी माध्यमातला, नववी चांगल्या गुणांनी झालेला. महाराष्ट्र बोर्डाच्या नववीच्या पुस्तकात दोन चलांतील रेषीय समीकरणे आहेत, ती इथे साधारणपणे दहावीत येतात. प्रवेशाच्या वेळी चाचणी झाली ती मुख्यतः इंग्रजीची, आणि तिच्या निकालावरून त्याला गणितातही एक इयत्ता मागे टाकले. प्रगतिपुस्तकाचे प्रमाणित भाषांतर आम्ही पदरचे पैसे खर्चून करून घेतले होते. समुपदेशकांनी ते चाळले आणि ‘सुरुवातीला सोपे असलेले बरे’ असे हसून सांगितले. त्या हसण्याचा राग मला आजही येतो. गणित हा एकच विषय असा होता की ज्यात त्या मुलाला भाषेची लाज वाटली नसती, आणि नेमका तोच त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवला गेला. नवागतांसाठीच्या इंग्रजीच्या वर्गांना माझा विरोध नाही; त्यांचे तीन श्रेयांक (क्रेडिट) पदविकेसाठी सक्तीच्या चार इंग्रजी श्रेयांकांत धरले जातात, आणि तिथे त्याला पहिले दोन मित्र मिळाले. इंग्रजी कच्चे म्हणून गणितही कच्चे, हा हिशेब मात्र मला मान्य नाही.

अशा मुलाने वृद्धनिवास निवडला तो हौसेने नव्हे. घराजवळ होता आणि शनिवारी सकाळी जाता येत होते, एवढेच. तिथेही कागद आलेच. क्षयरोगाची त्वचाचाचणी मागितली, आणि आपल्या मुलांना जन्मतः बीसीजी टोचलेली असल्याने ती कधीकधी त्यामुळेही सकारात्मक येते. मुलाचा हात फुगला, मग छातीचा एक्स-रे, मग डॉक्टरांचे पत्र. सगळे निर्दोष ठरेपर्यंत बरेच आठवडे गेले. तुमच्या मुलीला असे काम करायचे असेल, तर लसीकरणाचे कार्ड इंग्रजीत करून हाताशी ठेवा. शाळेतही लसींच्या नोंदी मागतात, आणि त्या दिल्या नाहीत तर मुलांना काही काळ शाळेबाहेर ठेवू शकतात.

काम साधे असते. रहिवाशांना खोलीतून सभागृहात आणायचे, बिंगोचे, म्हणजे आपल्या हाउजीसारख्या खेळाचे, आकडे पुकारायचे, पत्त्यांना चौथा भिडू व्हायचे. औषध द्यायचे नाही, उचलून बसवायचे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतून फार लोक टोरोंटोच्या परिसरात आले. त्या पिढीतले एक गृहस्थ तिथे होते. उभे आयुष्य त्यांनी इथे इंग्रजीत काढले होते, पण स्मृतिभ्रंशात पुष्कळदा होते तसे मागाहून शिकलेली भाषा आधी गेली आणि इटालियनच उरली. माझ्या मुलाने त्यांच्यासाठी इटालियन आकडे पाठ केले आणि तो बिंगोचा प्रत्येक आकडा दोनदा पुकारू लागला. शाळेत ज्याची भाषा अपुरी ठरली होती, त्याचा शब्द कळावा म्हणून तिथे एक माणूस कान टवकारून बसत होता. मुलगा सुधारला तो तिथे. ठरलेले तास केव्हाच संपले, तरी तो अजून जातो.

ते ऐकून मला आनंद झाला, आणि त्याच रात्री झोप लागली नाही. मला अशा ठिकाणी ठेवतील तेव्हा मी पाणी मराठीत मागेन, आणि बिंगो पुकारणाऱ्या कोणा मुलाला ‘सत्तावीस’ म्हणता येईल असे वाटत नाही. आमचे वडील नौपाड्यातच आहेत. ब्यूरोतून ठेवलेला माणूस चांगला आहे, तो त्यांना तलावपाळीलाही नेतो. उन्हाळ्यात इथले शनिवारचे दहा वाजतात तेव्हा ठाण्यात संध्याकाळचे साडेसात होतात. म्हणजे नातू इथे बिंगो पुकारत असतो तेव्हा आजोबांची जेवायची वेळ असते, आणि फोन रविवारवर जातो. तुम्ही सासूबाईंना मागे ठेवून येणार आहात का, हे तुम्ही लिहिलेले नाही. मी विचारतही नाही.

एकटेपणाबद्दल विचाराल, तर मोठ्यांचा एकटेपणा कामात बुडतो. गणपतीला आणि दिवाळीला महाराष्ट्र मंडळ असते, डोंबिवलीचे-ठाण्याचे कोणी ना कोणी भेटते. त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

राहिला नववीचा प्रश्न. माझे मत नववीनंतर आणावे असे आहे. इथे इयत्ता बहुधा वयावरून ठरते, त्यामुळे ती दहावीत बसेल आणि तिला बारावीपर्यंत तीन वर्षे मिळतील. आपल्याकडची दहावी करून आली तर दोनच, आणि त्यातही इंग्रजीच्या पायऱ्या चढण्यात वेळ जातो. बोर्डाच्या परीक्षेचा मान नातेवाइकांत मोठा असतो हे मला ठाऊक आहे, पण इथे अकरावीत आलेल्या मुलांची दमछाक मी पाहिली आहे. नववी एप्रिलमध्ये संपेल. जुलैत या, म्हणजे सप्टेंबरमध्ये शाळा सुरू होण्याआधी चाचणीला वेळ राहील. आणि भाषांतरावर पैसे घालवण्यापूर्वी एक करा. बालभारतीची इंग्रजी माध्यमाची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. आठवीच्या गणिताच्या पुस्तकाची आणि नववीच्या गणिताच्या दोन्ही भागांची अनुक्रमणिका आणि सरावसंचांची काही पाने छापून न्या, आणि गणिताची चाचणी वेगळी घ्या असे तोंडी न सांगता लेखी मागा. समुपदेशक हसले, तरी तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवूनच उठा.