इंदूरला जुन्या ऑक्टेव्हिया आरएससाठी गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि ब्रेकमध्ये कोणतं ऑइल घालावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुनी स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, १.८ टर्बो पेट्रोल, पाच गिअरची मॅन्युअल. रीमॅप झालेली (इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलून ताकद वाढवलेली). आधीचा मालक म्हणतो की आत एलएसडी (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं डिफरन्शियल) बसवलाय. रविवारी जाम गेटचा घाट, आणि पुढेमागे पीथमपूरच्या नॅट्रॅक्सवर, म्हणजे गाड्या तपासायच्या ट्रॅकवर, संधी मिळाली तर तिथेही न्यायची इच्छा. दुकानदाराने सांगितलं की गिअरबॉक्समध्ये जीएल-५, डिफरन्शियलमध्ये १४० चं जाड ऑइल आणि ब्रेकमध्ये डॉट ५ घाला, "भिया, सब में एक नंबर आगे का माल". ऐकावं का?

नका ऐकू. तिन्ही सल्ले चुकीचे आहेत आणि तिन्हींचं मूळ एकच: बाटलीवरचा आकडा मोठा म्हणजे माल चढा, ही समजूत. चौथीनंतर पाचवी, तसं हे नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या कामासाठी आहे.

ब्रेकपासून सुरू करतो, कारण जास्तीचा पैसा खर्च करायचाच असेल तर तो इथे करावा. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही तिन्ही ग्लायकॉलवर आधारलेली, हवेतली ओल शोषणारी. डॉट ५ हे मात्र सिलिकॉनचं. ते बाकीच्यांत मिसळत नाही, त्याने पॅडल थोडं मऊ लागतं आणि एबीएसचा पंप चालला की त्यात बारीक बुडबुडे धरतात. ते पाणी शोषत नाही हे खरं. पण आत शिरलेलं पाणी जाणार कुठे? ते तळाला, कॅलिपरमध्ये (चाकाजवळ पॅड दाबणारा भाग) साचतं, म्हणजे नेमकं जिथे सर्वांत जास्त तापतं तिथे, आणि १०० अंशांच्या आसपास वाफ धरतं. एबीएसवाल्या गाडीत डॉट ५ घालायचं नाही, विषय संपला. ५.१ चालेल, नावात ५ असलं तरी त्याचं कूळ डॉट ४ चंच.

आता तापमानाचं. मानकाप्रमाणे ताजं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, डॉट ४ किमान २३० ला, डॉट ५.१ किमान २६० ला. साधारण ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हेच आकडे १४०, १५५ आणि १८० वर येतात. दुकानात सगळे पहिला आकडा दाखवतात. घाटात तुमचा जीव दुसऱ्या आकड्यावर असतो, कारण आपल्याकडे चार महिने पाऊस असतो आणि रबरी होजमधून, डब्याच्या झाकणातून ओल आत जातच राहते.

घाटात किती उष्णता तयार होते याचा साधा हिशोब करून बघा. माणसं धरून दीड टनाची गाडी ४०० मीटर खाली उतरली की सुमारे ५९ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तीच गाडी ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण थांबवायला सुमारे ५.८ लाख जूल लागतात. म्हणजे माळव्याच्या पठारावरून नर्मदेच्या खोऱ्यात नुसत्या ब्रेकवर उतरणं हे शंभरवरून दहा वेळा कचकन थांबण्यासारखंच झालं. काही भाग इंजिन आणि हवा खाते, पण न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांच्या बाबतीत इंजिन काहीच खात नाही. (घाटात ट्रक बेकाबू होतात ते वेगळं, त्यांचे ब्रेक हवेवर चालतात, तिथे फ्लुइडचा संबंध नाही. उष्णतेचा मात्र आहेच.)

आमच्या ओळखीतल्या एकाचं झालं ते ऐका. जाम गेटवरून मंडलेश्वरकडे जोरात उतरला, ब्रेक शेवटच्या वळणापर्यंत ठणठणीत. खाली टपरीवर चहाला थांबला. निघताना पॅडलवर पाय ठेवला तर ते सरळ तळाला गेलं. गाडी पळत असताना वारा डिस्कला थंड करत असतो. थांबल्यावर तो वारा बंद होतो आणि डिस्क-पॅडमधली सगळी धग कॅलिपरमध्ये उतरते. जुन्या, पाणी मुरलेल्या फ्लुइडची तिथे वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. दोन-तीनदा पंप केल्यावर पॅडल परत आलं. नंतर निपल (कॅलिपरवरची फ्लुइड काढायची तोटी) उघडल्यावर जे निघालं ते गडद तपकिरी होतं. म्हणून घाट उतरल्यावर लगेच गाडी उभी करू नका, दोन-तीन किलोमीटर आरामात चालवा.

यावरून एक ओळखायला शिका. पॅडल खाली गेलं तर दोष बहुधा फ्लुइडचा. पॅडल कडक आहे, जोर लावताय आणि गाडी तरी थांबत नाही, तर पॅड तापलेत. दुसऱ्या प्रकारात जगातलं सर्वांत महागडं फ्लुइड घातलं तरी काडीचा फरक पडणार नाही, पॅडच बदलावे लागतील.

तुमच्यासाठी माझं मत: चांगल्या कंपनीचं डॉट ४ किंवा ५.१, दरवर्षी पाऊस संपला की बदलायचं. घाट जास्तच होत असतील तर मोटुल आरबीएफ ६०० घ्या. ताजं असताना ते ३०० अंशांच्या वर टिकतं आणि ओलं झाल्यावर २०० च्या जवळपास. कॅस्ट्रॉल एसआरएफचा ओला आकडा तर २७० आहे, पण किंमत बघून बायकोशी बोलावं लागेल. एकच गोष्ट लक्षात ठेवा: रेसिंग फ्लुइड घालून तीन वर्षं विसरून जाणाऱ्यापेक्षा साधं डॉट ४ दरवर्षी बदलणारा जास्त सुरक्षित असतो. डबा अर्धा लिटरचा घ्या, सील तपासून घ्या, आणि उघडलेला उरलेला डबा पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवू नका.

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून (पॅडलने दाबला जाणारा मुख्य पंप) सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं उजवं नव्हे, आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने मागचं डावं लांब पडतं, असा वाद मेकॅनिक घालतात. गाडीच्या मॅन्युअलमधला क्रम पाळा आणि वाद सोडा. खरं लक्ष ठेवायचं ते बोनेटखालच्या फ्लुइडच्या डब्यावर. तो रिकामा झाला आणि एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा गेली तर लॅपटॉप जोडून पंप चालवल्याशिवाय ती निघत नाही. आणि तुमच्या गाडीत क्लचलाही त्याच डब्यातून फ्लुइड जातं, तेव्हा क्लचच्या निपलमधूनही जुनं काढून घ्या. हे बहुतेक जण सोडून देतात. फ्लुइड रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी मारा.

आता गिअरबॉक्स. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची दाब सोसणारी रसायनं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. ती लागतात हायपॉइड क्राउन-पिनियनला (मागच्या डिफरन्शियलमधली गिअरची जोडी), जिथे दात एकमेकांवर दाबाखाली घासत सरकतात. तुमच्या गिअरबॉक्समध्ये तसं काही नाही. तिथे आहेत सिंक्रोच्या रिंगा, आणि रिंगेचं कामच मुळी घर्षणाने दोन वेग जुळवणं. ऑइल फार निसरडं असेल तर रिंग घसरते, आणि दुसऱ्या गिअरला घाईत टाकलं की 'कर्रर्र' ऐकू येतं. शिवाय काही जीएल-५ ऑइलं तापल्यावर पितळेला खातात. म्हणून ७५डब्ल्यू-९०, जीएल-४, सिंथेटिक. रेड लाइन एमटी-९० किंवा लिक्वी मोलीचं जीएल-४ प्लस, यातलं जे खात्रीच्या ठिकाणी मिळेल ते.

९० हा आकडा ऐकून "इंजिनात ४० आणि इथे ९०, किती जाड!" असं वाटतं. दोन्हींची मोजपट्टीच वेगळी आहे. ७५डब्ल्यू-९० चं गिअर ऑइल गरम झाल्यावर साधारण ४० च्या इंजिन ऑइलइतकंच दाट असतं. ७५ आणि ८० हे थंडीतले आकडे, त्यांतला फरक इंदूरला जानेवारीत सकाळी कळतो, पारा सहा-सातवर असताना पहिले दोन किलोमीटर दुसरा गिअर जड पडतो तेव्हा. १४० भरलंत तर रोज पडेल.

ऑइल बदलताना आधी भरायचा बूच सैल होतो का ते बघा, मगच खालचा उघडा. खालून सगळं काढून टाकलं आणि वरचा बूच गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथेच अडकते. बुचाला चुंबक असेल आणि त्यावर करडा लगदा असेल तर काळजी नाही. बोटाला टोचणारे तुकडे असतील तर ऑइलची चर्चा थांबवा आणि गिअरबॉक्स उघडणाऱ्याकडे जा.

नॅट्रॅक्सबद्दल: २०२१ साली सुरू झालेला तिथला हाय-स्पीड ट्रॅक ११.३ किलोमीटरचा आहे आणि तो तुमच्या-माझ्यासाठी रोज उघडा नसतो. संधी मिळालीच तर तिथे ब्रेकची फार कसोटी लागणार नाही, कारण सलग वेगातच राहायचं असतं. तिथे इंजिन आणि गिअरबॉक्सचं ऑइल तापतं. टायरचं वय मात्र आधी बघा, ते ऑइलपेक्षा महत्त्वाचं.

डिफरन्शियलचा तुमचा प्रश्न खरं तर निकालीच निघतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या तुमच्या गाडीत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं, ऑइल एकच. वेगळं १४० ओतायला जागाच नाही. दुकानदाराने बहुधा बोलेरोवाल्याला देतो तोच सल्ला तुम्हाला दिला. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वेगळं हौसिंग असतं, तिथे जीएल-५ हवंच, आणि प्लेटचा एलएसडी (आत क्लचसारख्या प्लेटा असलेला) असेल तर फ्रिक्शन मॉडिफायरही (ऑइल आणखी निसरडं करणारं रसायन). नाहीतर हळू वळताना मागून खडखड येते.

नेमका इथेच तुमच्या गाडीत धोका आहे. "एलएसडी आहे म्हणजे मॉडिफायर घाला" असं कोणी म्हणालं आणि तुम्ही ते गिअरबॉक्समध्ये ओतलंत, तर ते सिंक्रोच्या रिंगांनाही निसरडं करणार. हेलिकल एलएसडीला मॉडिफायर लागत नाही, तो गिअरच्या दातांवरच चालतो. प्लेटचा असेल तर तडजोड करावी लागते: एलएसडी बनवणाऱ्याने सांगितलेलंच ऑइल घ्यायचं, आणि ते लवकर लवकर बदलायचं, कारण प्लेटांची झीज त्याच ऑइलमध्ये फिरत राहते.

कोणता आहे हे घरी कळू शकतं. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, पुढची दोन्ही चाकं स्टँडवर अधांतरी, गिअर न्यूट्रल, इंजिन बंद. एक चाक हाताने फिरवा. दुसरं सहज उलट्या दिशेने फिरलं तर साधं डिफरन्शियल किंवा हेलिकल. मग जीएल-४ भरून मोकळे व्हा. दोन्ही एकाच दिशेने फिरली, किंवा दुसरं धरून ठेवल्यावर पहिलं हलवायला चांगलाच जोर लागला, तर बहुधा प्लेटचा. फिरवून काय झालं ते खाली लिहा, आणि आधीच्या मालकाकडे बिल असेल तर बनावटीचं नावही, म्हणजे कोणतं ऑइल चालेल ते नक्की सांगता येईल.