झाकण उघडले, पण स्क्रीन काळीच

प्रश्न : मुलीने नवा लॅपटॉप घेतल्यावर तिचा चार वर्षांचा जुना लॅपटॉप मला दिला. बँकेची कामे आणि आमच्या सोसायटीचे हिशेब मी त्यावरच करतो. एप्रिलपासून एक त्रास सुरू झाला आहे. दुपारी जेवायला उठताना झाकण मिटले आणि तासाभराने उघडले, तर स्क्रीन काळीच राहते. बटणातला दिवा लागतो, पंख्याचा बारीक आवाजही येतो, पण समोर काही दिसत नाही. बटण दाबून धरून लॅपटॉप बंद केला आणि पुन्हा सुरू केला, की तो रात्रीपर्यंत सुरळीत चालतो. आठवड्यातून दोन-तीनदा असे होते. बर्डीवरील एका दुकानदाराने लॅपटॉप न उघडताच स्क्रीन बदलावी लागेल असे सांगितले. बदलावी का? — एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : इतक्यात बदलू नका. जी स्क्रीन पुन्हा सुरू केल्यावर रात्रीपर्यंत स्वच्छ दिसते, ती निकामी झाली आहे असे मानायला आपल्या पत्रात तरी काही आधार नाही. बिघाड बहुधा झोपेतून जागे होण्याच्या टप्प्यावर आहे. झाकण मिटल्यावर लॅपटॉप बंद होत नाही, तो ‘स्लीप’मध्ये जातो, उघडल्यावर प्रोसेसर, ग्राफिक्सचा भाग आणि स्क्रीन यांनी ठरलेल्या क्रमाने जागे व्हायचे असते आणि त्यातला एक जरी मागे राहिला तरी आपल्याला दिसतो तो केवळ काळोख.

पुढच्या वेळी असे झाले की बटण दाबून धरण्यापूर्वी कॅप्स लॉकची कळ दाबून पाहा. तिचा छोटा दिवा लागत-विझत असेल तर लॅपटॉप जागा आहे, फक्त चित्र अडले आहे. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबा. त्यामुळे ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे चित्राचा भाग चालवणारा छोटा प्रोग्राम, नव्याने सुरू होतो, बारीकशी ‘बीप’ ऐकू येते आणि पुष्कळदा चित्र परत येते. जतन न केलेला हिशेबही वाचतो. दिवा हललाच नाही, तर मात्र लॅपटॉप जागा होतानाच अडकला असण्याची शक्यता अधिक आहे आणि बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरण्यावाचून मार्ग नाही.

खरे निदान ज्या प्रयोगातून होईल तो घरीच करता येतो. एखाद्या दुपारी झाकण उघडेच ठेवून स्टार्ट मेनूतून ‘स्लीप’ निवडा आणि जेवून या. पाच मिनिटांनी उठवून पाहू नका, कारण आपला दोष तासाभराच्या झोपेनंतर दिसतो. असे चार-पाच दुपारी करा. झाकण न मिटताही स्क्रीन काळी राहिली, तर ड्रायव्हर किंवा विंडोजची मांडणी तपासायची. झाकण मिटले तरच तसे होत असेल, तर झाकण, त्याची बिजागरी आणि त्यातून जाणारी केबल तपासायची.

पहिल्या स्थितीत लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्याच मॉडेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर घ्यावा. ‘मोफत ड्रायव्हर शोधून देतो’ म्हणणाऱ्या प्रोग्रामांच्या नादी लागू नये. त्रास एप्रिलमधल्या एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरच्या गुणधर्मांत जाऊन ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करता येते, अर्थात जुना ड्रायव्हर संगणकात शिल्लक असेल तरच. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते : फास्ट स्टार्टअप ही विंडोजची लवकर सुरू होण्याची सोय चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो, त्यामुळे अडलेला ड्रायव्हर सकाळीही अडलेलाच सापडू शकतो. ‘रिस्टार्ट’मध्ये मात्र सगळे नव्याने सुरू होते. दोष सापडेपर्यंत कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर ‘हायबरनेट’ व्हावे अशी नोंद करा. लॅपटॉप सुरू व्हायला थोडा अधिक वेळ घेईल, पण तो झोपणार नाही, उघडे काम डिस्कवर जपून पूर्ण बंद होईल. ‘काहीही करू नये’ हा पर्याय आपल्याकडच्या उन्हाळ्यात मी सुचवणार नाही. बहुतेक लॅपटॉप भोवतालच्या ३५ अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या पुढे जातो. अशा दिवसांत मिटलेल्या झाकणाखाली चालू राहिलेला लॅपटॉप चांगलाच तापेल.

दुसऱ्या स्थितीत आधी टेबल पाहा. झाकणाच्या कडेत एक लहान चुंबक आणि खालच्या भागात त्याला ओळखणारा सेन्सर असतो. चुंबक जवळ आला की लॅपटॉप समजतो, झाकण मिटले. माझ्याच घरी एका संध्याकाळी स्क्रीन पुन्हापुन्हा विझत होती आणि मी केबलला दोष देत होतो. दोषी निघाले मोबाइलचे पाकीटवजा कव्हर. त्याच्या फडीत चुंबक होता आणि फोन मी कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यावर ठेवत होतो. आपलाही फोन, हातातले चुंबकी कडे किंवा खाली ठेवलेला दुसरा लॅपटॉप बाजूला करून पाहावा. तसे काही नसेल, तर झाकण सावकाश मागेपुढे हलवा. ठरावीक कोनात चित्र लुकलुकले किंवा रेघा उमटल्या, तर बिजागरीतून जाणारी केबल सैल झालेली किंवा झिजलेली असते आणि ती बदलणे स्क्रीन बदलण्यापेक्षा बरेच स्वस्त पडते.

लॅपटॉप कूलरसमोर असतो का, हे आपण लिहिलेले नाही. असेल तर जागा बदला. आपल्या घरांतल्या कूलरच्या जाळीवर पाण्यातल्या क्षारांचा जो पांढरा थर धरतो, तसेच सूक्ष्म तुषार केबलच्या जोडणीवर बसले तर तेथे गंज चढतो.

प्रश्न : माझी स्क्रीनही काळी असते, पण दिवसा खिडकीपाशी नेल्यास अक्षरे अगदी पुसट दिसतात. हे काय आहे? — एक विद्यार्थिनी, हिंगणा मार्ग

उत्तर : आपल्या बाबतीत चित्र तयार होत आहे, त्यामागचा उजेड गेला आहे. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा धरा. अक्षरे उमटली तर दोष बॅकलाइटचा, म्हणजे या मागच्या उजेडाचा, असण्याची शक्यता अधिक. आधी प्रकाश वाढवण्याची कळ दाबून पाहा, प्रकाशाची पातळी चुकून शून्यावर गेलेली असू शकते. त्यानंतर घरच्या टीव्हीला एचडीएमआय केबलने लॅपटॉप जोडा. तेथे चित्र नीट दिसले तर आपला अभ्यास तूर्त टीव्हीवर चालेल आणि दुकानात सांगायचे ते असे की स्क्रीन, तिची केबल आणि मदरबोर्डवरचा बॅकलाइटचा फ्यूज या तिन्हींची तपासणी हवी. फ्यूज किंवा केबल गेली असताना अख्खी स्क्रीन बदलून घेणारे गिऱ्हाईक मी अनेकदा पाहिले आहे.

प्रश्न : दुकानात देण्यापूर्वी काय करावे? — एक वाचक, महाल

उत्तर : चार्जर काढा, बॅटरी बाहेर निघत असेल तर तीही काढा, बटण तीस सेकंद दाबून धरा आणि मग फक्त चार्जरवर सुरू करून पाहा, उरलेला विद्युतभार निघून गेला की काही लॅपटॉप तेवढ्यानेच जागे होतात. टीव्हीवर चित्र येत असेल तर कागदपत्रांची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घरी ठेवा, कारण मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्ये, फेरफार झाला तर विंडोज ती मागते आणि तेव्हा ती सापडली नाही तर आतली माहिती कुलूपबंद राहते. पासवर्ड मात्र दुकानात लिहून देऊ नका. स्क्रीन, केबल किंवा फ्यूज तपासायला त्याची गरज पडत नाही.