वाचकांचे प्रश्न : द्राक्षबागेत उपयोगी पडेल असा फोन

प्रश्न : सप्रेम नमस्कार. तासगाव तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. जुना फोन बदलायचा असून अठरा हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. सध्या भर उन्हात पडद्यावरचे काही दिसत नाही, डाऊनी (केवडा) रोग आलेल्या पानांचे फोटो सल्लागारांना अस्पष्ट दिसतात आणि मळ्यात फोन मधूनच लागत नाही. मुलगा १०८ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोन घ्या म्हणतो. कोणता घ्यावा?
— एक द्राक्ष बागायतदार

उत्तर : आपला फोन कोठे अडतो हे आपण नेमके लिहिले आहे. या तीन अडचणी कागदावर लिहूनच दुकानात जावे, कारण एकदा दुकानात नवे फोन समोर मांडले गेले की आपण कशासाठी आलो होतो याचाच विसर पडतो.

पहिली अडचण उन्हाची. पडद्याचा उजेड ‘निट्स’ या मापात सांगतात आणि जाहिरातीत बहुधा सर्वांत मोठा, म्हणजे ‘पीक’चा आकडा छापलेला असतो. तेवढा उजेड पडद्याच्या लहानशा भागावर आणि ठरावीक चित्रफितींपुरताच मिळतो, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये. माहितीपत्रकात ‘हाय ब्राइटनेस मोड’चा आकडा दिला असेल तर तो पाहावा, कारण उन्हात संपूर्ण पडदा किती उजळतो हे त्यावरून कळते. तरीही खरी परीक्षा एकच : दुपारी बाराच्या सुमारास दुकानात जावे, फोन हातात घेऊन रस्त्यावरच्या उन्हात उभे राहावे आणि एखादा मजकूर वाचून पाहावा. दुकानदाराने त्याला नकार दिल्यास दुसरे दुकान पाहावे.

कॅमेऱ्याबाबत मात्र चिरंजीवांशी मी सहमत नाही. १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या वापरात नऊ बिंदूंचा एक बिंदू करतो आणि १२ मेगापिक्सेलचा फोटो देतो. ५० मेगापिक्सेलचा कॅमेराही चार बिंदू एकत्र करून जवळपास तेवढाच फोटो देतो. आपल्याला त्याहून महत्त्वाची आहे ती हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी ‘ओआयएस’ ही सोय. स्वस्त फोनवर २ मेगापिक्सेलचा ‘मॅक्रो’, म्हणजे अगदी जवळून टिपणारा, कॅमेरा असतो, त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. पानाला फोन अगदी चिकटवला की मुख्य कॅमेऱ्याला ते स्पष्ट टिपता येत नाही; त्यापेक्षा हातभर मागे सरून दुप्पट झूम करावे, पानाची खालची बाजूही घ्यावी आणि व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीप्रमाणे न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. नेहमीच्या पद्धतीत फोटो दाबून लहान केला जातो आणि पानावरची बारीक लक्षणे पुसट होतात. आपली निम्मी तक्रार कदाचित जुन्या फोनवरही एवढ्यानेच दूर होईल.

मळ्यात फोन न लागणे हा मुख्यतः टॉवरच्या अंतराचा प्रश्न आहे आणि महागडा फोन घेतल्याने तो सुटेलच असे नाही. आधी शेजारच्या मळ्यात कोणत्या कंपनीचे सिम नीट चालते ते विचारावे. जिओने २०२२च्या रेडिओ लहरींच्या लिलावात घेतलेला ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा दूरवर पोहोचतो. ते सिम असेल तर नव्या फाइव्ह-जी फोनच्या माहितीपत्रकात ‘एन-२८’ हा बँड (याच पट्ट्याचे नाव) असल्याची खात्री करावी. घरच्या वाय-फायवरून बोलण्याची सोयही असावी.

साठवण १२८ जीबीपेक्षा कमी नको. फवारणीच्या काळात फोन जपावा, कारण पाणी-धुळीपासून संरक्षणाचे आयपी मानांकन साध्या पाण्यावर तपासलेले असते, औषधांच्या द्रावणावर नव्हे. शिवाय पाणी शिरून झालेले नुकसान बहुतेक वॉरंटीत धरले जात नाही.

प्रश्न : साताऱ्यात आईसाठी वापरलेला फोन घेत आहे. काय तपासावे?
— एक वाचक

उत्तर : फोनवर *#०६# दाबल्यास १५ अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, दिसतो. ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरे, एक जागा मोकळी आणि तो क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवावा. काळ्या यादीतला किंवा दुबार क्रमांक असल्याचे उत्तर आले तर व्यवहार तेथेच थांबवावा. सुरक्षा अपडेटची वर्षे फोनचे मॉडेल बाजारात आले त्या दिवसापासून मोजतात, आपण घेतल्यापासून नव्हे. आईचे बँकेचे व्यवहार त्यावर होणार असतील तर निदान दोन वर्षे शिल्लक असावीत. पैसे देण्यापूर्वी आधीच्या मालकाला त्याचे गुगल खाते आपल्यासमोर काढायला सांगावे, नाहीतर फोन रीसेट केल्यावर तो त्याच खात्याचा पासवर्ड मागत राहील.