जूनमध्ये आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) आहे. नवऱ्याने तंबाखूचा मावा आत्तापासून सोडायला हवा, की उपचाराची सायकल सुरू झाल्यावर चालेल?

आत्ताच सोडायला सांगा, कारण शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. जूनमध्ये द्यायचा नमुना मार्चपासूनच घडत असतो. मी वीर्यतपासणीच्या लॅबमध्ये काम करते. अंडकोषांना शरीरापेक्षा 2 ते 4 अंश कमी तापमान लागतं. सोलापूरचा उन्हाळा, त्यात काम यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडमध्ये असेल, म्हणजे आधीच कठीण! निदान घट्ट जीन्स तरी नको. जिममधलं 'ताकदीचं' इंजेक्शन घेत असतील तर डॉक्टरांना सांगाच. त्यात टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) असेल, तर शुक्राणू शून्यावरही येतात. तुम्ही फॉलिक ॲसिड रोज 400 मायक्रोग्रॅम सुरू करा, डॉक्टरांनी जास्त दिलं नसेल तर. फक्त तुमचं वय पस्तिशीपुढे असेल, तर सवयी सुधारेपर्यंत म्हणून उपचार पुढे ढकलू नका.