हायब्रीड निवडताना जुलै डोळ्यांसमोर ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात कोथरूडहून बाणेरला ऑफिस, एका बाजूचं अंतर 10 किलोमीटर, उंची 5 फूट 6 इंच, बजेट 35 हजार, सायकल बाराही महिने चालवायची आहे. दुकानदार म्हणतोय की पुढे सस्पेन्शन (धक्के शोषणारी स्प्रिंग) असलेली हायब्रीड (रोड आणि माउंटन सायकलच्या मधली) घ्या, आपल्या रस्त्यांना तीच बरी. घ्यावी का?

माझ्या मते घेऊ नये. चांदणी चौक चढून बावधन-पाषाणमार्गे बाणेर, असा मी 11 वर्षं जातोय. पहिली तीन वर्षं सस्पेन्शनवालीच होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुकानात आपण सायकल बघतो ती जानेवारीतल्या सकाळच्या मूडमध्ये. त्या हवेत कुठलीही सायकल छानच चालते. बारमाही सायकल निवडायची तर जुलैतले ते दोन आठवडे आठवायचे, जेव्हा रिपरिप थांबत नाही, कपडे वाळत नाहीत आणि खड्डा किती खोल आहे ते वरच्या पाण्यामुळे कळत नाही. त्या दिवसांत जी टिकेल ती उरलेले साडेअकरा महिने आरामात चालते.

आता सस्पेन्शन. तुमच्या बजेटमध्ये मिळणारा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) साध्या स्प्रिंगचा असतो. साध्या, म्हणजे सस्पेन्शन नसलेल्या फोर्कपेक्षा तो साधारण दीड किलो जड, आणि चढावर उभं राहून पेडल मारलं की आपली बरीच ताकद वरखाली होण्यात जाते. लॉकआउट (स्प्रिंग बंद करायची कळ) असला तरी वजन कमी होत नाही. खरा त्रास पावसात सुरू होतो. चिखलाचं पाणी सीलमधून आत शिरतं, नळ्यांना गंज धरतो, आणि दोनेक पावसाळ्यांनंतर तो फोर्क हलतच नाही. दुरुस्ती करायला सुटे भाग सहजी मिळत नाहीत. माझा तिसऱ्या पावसाळ्यात पूर्ण जाम झाला होता. म्हणजे वजन तेवढं राहिलं, सस्पेन्शन गेलं.

पुण्याच्या रस्त्यांवरचा धक्का टायरने खायचा, फोर्कने नाही. 700 बाय 38 किंवा 40चा, म्हणजे 38-40 मिलिमीटर रुंद टायर बसेल अशी सायकल शोधा. माझं वजन 72 किलो, मी टायरमधला हवेचा दाब पुढे 45 आणि मागे 55 पीएसआय ठेवतो. पावसात दोन्हीकडे पाच कमी. बरेच जण दुकानदाराने भरून दिलेल्या 80वर चालवतात आणि मग हायब्रीड हाडं खिळखिळी करते म्हणून सांगतात. टायरवर मोठी नक्षी नको. डांबरावर पकड रबराची असते, गुठळ्यांची नाही. आणि टायर कुठलाही असो, ओली चेंबरची झाकणं, लोखंडी प्लेटा आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे यांवरून जाताना हँडल सरळ ठेवायचं, ब्रेक लावायचा नाही.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि दुकानात तिच्याबद्दल कुणी बोलत नाही: मडगार्ड. आपल्या आधीच्या पिढीची काळी सायकल आठवा. पूर्ण लांबीचे मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, सगळं सायकलसोबतच यायचं, कारण ती कामावर जायची सायकल होती. (ओल्या स्टीलच्या रिमवर तिचे ब्रेक मात्र लागत नसत, तेवढं सोडा.) आज हायब्रीड घेतली की सहसा यातलं काहीच मिळत नाही. पावसात माणूस वरून भिजतो त्याला रेनकोट आहे. पण चाकाने उडवलेलं पाणी खालून येतं, त्यात माती, डिझेल, शेण सगळं असतं, आणि ते बुटांत, पाठीवर आणि चेनवर जातं. सीटखाली चिमटा लावून बसवायचा छोटा तुकडा याला पुरत नाही. पुढचा मडगार्ड खाली पेडलच्या उंचीपर्यंत यायला हवा, टोकाला रबरी फ्लॅप हवा. मग बूटही कोरडे राहतात आणि चेनचं आयुष्यही वाढतं.

म्हणून दुकानात गेलात की आधी खाली बसून बघा. पुढच्या फोर्कच्या टोकांशी आणि मागच्या एक्सलजवळ (चाकाच्या आसाजवळ) आटे पाडलेली भोकं आहेत का? मागे दोन जोड्या असतील तर उत्तम, एक मडगार्डला आणि एक कॅरिअरला. टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये करंगळी सहज जाते का? जात नसेल तर मडगार्ड बसला तरी चिखल अडकून चाक घासणार. सस्पेन्शन फोर्कवर बहुतेक वेळा ही भोकं नसतात, ते त्याच्याविरुद्धचं आणखी एक कारण.

नावं हवीत म्हणून सांगतो: जायंटची एस्केप, ट्रेकची एफएक्स, मेरिडाची स्पीडर या साध्या फोर्कच्या मालिका आहेत, जायंटची रोम आणि मेरिडाची क्रॉसवे सस्पेन्शनवाल्या. दरवर्षी बारीकसारीक बदल होतात, म्हणून नावावर न जाता भोकं आणि जागा स्वतः तपासा. जुनी, नीट ठेवलेली एस्केप किंवा एफएक्स मिळाली तर मी डोळे झाकून तिकडे वळेन.

ब्रेक. साधे व्ही-ब्रेक (चाकाच्या रिमवर दाबणारे) कोरड्यात उत्तम आणि दुरुस्तीला सोपे, कुठल्याही कोपऱ्यावरचा मेकॅनिक ते बसवतो. पण पावसात वाळू पॅडमध्ये रुतते आणि दर ब्रेकला रिम घासली जाते. एका पावसाळ्यात माझ्या रिमच्या कडा बोटाला आत गेलेल्या जाणवत होत्या. रिम संपली म्हणजे चाक नवीन बांधायचं. डिस्क ब्रेक चाकाच्या मध्याजवळच्या चकतीवर लागतात, त्यात झिजतात ते पॅड आणि हळूहळू ती चकती, रिम नाही. तुमच्या रोजच्या वाटेवर चांदणी चौकाचा उतार आहे, त्यामुळे तुम्हाला मी डिस्कच सुचवेन. केबलच्या डिस्कला पॅड झिजतील तसा ताण स्वतः वाढवावा लागतो आणि पावसाळ्यात केबल गंजून जड होते. बजेटमध्ये बसले तर हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे) घ्या. शिमानोचे सगळ्यात साधे हायड्रॉलिकही वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतात. एकच पथ्य: चेनला तेल देताना डिस्कवर थेंब पडू द्यायचा नाही. पडला तर बहुधा पॅड बदलण्यावाचून इलाज नसतो.

गिअर किती, यावर फार वेळ घालवू नका. 21 आणि 24 हे आकडे जाहिरातीचे आहेत. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पुढचे आणि मागचे दात जवळपास सारखे असले की चांदणी चौक बॅगेसकट चढता येतो. पुढे 28, मागे 28 चालेल. पुढे एकच 38ची चकती आणि मागे 34 हेही चालेल.

त्यापेक्षा हे विचारा: मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट? (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचाचे हे दोन प्रकार.) फ्रीव्हील हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, आट्यांनी बसतो आणि उजवीकडचं बेअरिंग आत राहतं, म्हणून एक्सलचा बराच भाग आधाराशिवाय बाहेर येतो. रोज खड्डे आणि कॅरिअरवर वजन असलं की तो वाकतो, मग तुटतो. माझा पाषाणजवळ तुटला, संध्याकाळी सात वाजता, भर पावसात. घरापर्यंत सायकल हाताने ढकलत आणली. दुकानाने मला विकताना कॅसेट आहे असंच सांगितलं होतं. मागे 7 गिअर असतील तर बहुधा फ्रीव्हील समजा. 8 असतील तर माहितीपत्रकात बघा. 9 किंवा जास्त असतील तर सहसा कॅसेटच.

माप: तुमच्या उंचीला बहुतेक कंपन्यांचं मीडियम किंवा स्मॉल येईल. दोन्हींवर बसून बघा. हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं हवं, आणि दांडा दोन पायांमध्ये घेऊन जमिनीवर उभं राहिल्यावर वर दोन-तीन सेंटिमीटर मोकळे. सीटच्या उंचीसाठी अनवाणी भिंतीला टेकून जांघेपासून जमिनीपर्यंत मोजा आणि 0.88ने गुणा. 78 सेंटिमीटर आलं तर पेडलचे दोन्ही दांडे ज्याला जोडलेले असतात त्या मधल्या एक्सलपासून सीटच्या माथ्यापर्यंत 69च्या आसपास. सुरुवातीला हे उंच वाटतं, पण गुडघे वाचतात.

35 हजार सगळे सायकलवर घालू नका. पाच-सहा हजार बाजूला काढा: मडगार्ड, कॅरिअर, एका बाजूला अडकवायची पाणी न शिरणारी बॅग, पुढचा-मागचा दिवा, चांगलं कुलूप, हेल्मेट. सॅक पाठीवर घेऊ नका; एप्रिल-मेमध्ये ऑफिसला पोचेपर्यंत शर्ट पिळायची वेळ येते. मागचा लाल दिवा पावसात दिवसासुद्धा चालू ठेवा.

देखभालीचं एवढंच: भिजून आलात की त्याच रात्री चेन फडक्याने पुसा आणि ओल्या हवेसाठीचं तेल थेंब थेंब द्या. डब्ल्यूडी-40 तेलाच्या जागी वापरू नका. महिन्यातून एकदा पोलादी पट्टी लावा. चेनचे 12 पूर्ण दुवे (एक आतला आणि एक बाहेरचा मिळून एक दुवा) बरोबर 12 इंच भरायला हवेत. 1/16 इंच जास्त भरले की चेन बदला. तिथे चालढकल केली तर कॅसेटही बदलावी लागते.

शक्य असेल तर मेच्या सुरुवातीला घ्या. नव्या केबली पहिल्या महिन्यात सैलावतात; ती पहिली सर्व्हिसिंग पाऊस यायच्या आत होऊन जाईल. जांघेचं माप आणि हाताशी आलेल्या दोन सायकलींचे मागच्या एक्सलजवळचे फोटो टाका, मडगार्ड बसतील की नाही ते मी बघून सांगतो.