कानात कोण बोलतं ते बघ

सातारा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू रडवेली झाली होतीस, म्हणून फार बोललो नाही. कारखान्याच्या मीटिंगमध्ये ऊसतोडणी कार्यक्रमातली गडबड तू आकड्यांनिशी मांडलीस, कुणी हरकत घेतली नाही आणि निर्णय मात्र उलटा झाला. तुझं चुकलं ते एवढंच, की मीटिंग सुरू झाल्यावर तू बोललीस. तिथं काही ठरत नसतं गं, ठरलेलं वाचून दाखवतात.

तू तर साताऱ्याची. १७४९ साली शाहू महाराज गेले, कारभार पुण्याला गेला, गादी इथंच राहिली. तरी नवा पेशवा झाला की वस्त्रं साताऱ्याचीच लागत. मान एकीकडे, खजिना दुसरीकडे. साखर कारखान्यात याला आणखी फाटे फुटतात. पाटीवर चेअरमन, सही एमडींची, आणि कुणाचा ऊस आधी तोडायचा ही शेती खात्याची यादी लागण तारखेप्रमाणे. ती यादी खोटी नसते. पण ऊसतोड्यांची टोळी कुणाच्या फडात शिरते हे बघायला बांधावर जावं लागतं. मुकादम म्हणतो, रस्ता ओला आहे, ट्रॅक्टर रुतेल. फडात चिठ्ठ्या फाडणारा स्लिपबॉय मान डोलावतो. झालं, तिसरा नंबर आठव्यावर गेला. या दोघांचं नाव वार्षिक अहवालात कधी छापून येत नाही.

तसंच बिलाचं. एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १४ दिवसांत द्यायची, हे १९६६ च्या आदेशातलं कलम आता पोराटोरांना पाठ आहे. पण आपलं बिल नेमकं कुठल्या टेबलावर अडकलंय हे सांगू शकणारा जो बाबू असतो, त्याच्या दारात चपला किती असतात ते मोज.

म्हणजे पुढंपुढं करायचं का? मुळीच नाही. चमच्याला लोक वापरतात, विचारत नाहीत.

माझंच सांगतो. नोकरीचं चौथं वर्ष, कारखान्याचं नाव नको. साहेबांनी मळीचा साठा चुकीचा मांडला आणि मी भर मीटिंगमध्ये रजिस्टर उघडलं. आकडा माझाच बरोबर होता. एका संचालकांनी कप बशीत ठेवला, तो आवाज अजून कानात आहे. आठवड्याच्या आत माझी गोडाऊनला बदली. दीड वर्ष पोती मोजली.

तिथला गोडाऊन कीपर सातवी शिकलेला. एमडी रोज संध्याकाळी फोन करायचे तो थेट त्याला, माझ्या जुन्या साहेबांना नाही. मला नवल वाटायचं. मग एकदा पावसात त्याचं बोलणं ऐकलं. "साहेब, अकरा पोती भिजली. पत्रा गळतोय. पोती बाजूला काढलीत, उद्या पत्रा बदलतो." कुणी विचारायच्या आधी वाईट बातमी त्यानंच दिली, मोजून दिली, उपायासकट दिली. त्याचा आकडा पुन्हा कुणी तपासत नसे. जाग्यावर बसून माणसाचं वजन वाढतं ते असं, आणि त्याला वर्षं लागतात, हेही सांगून ठेवतो.

तेव्हा तुझा कागद घेऊन शेती अधिकाऱ्यांकडे एकटी जा. "साहेब, माझं कुठं चुकतंय का, बघा" म्हण. ते दोन आकडे बदलतील. बदलू देत, मग कागद त्यांचाही झाला. मीटिंगमध्ये तेच बोलतील आणि तुला वाईट वाटेल. मलाही वाटायचं. मात्र जाण्याआधी तोच कागद त्यांना ईमेलनं पाठव, तारखेची नोंद राहते.

गेटबाहेरच्या टपरीवर पुरुषमंडळींच्या गप्पांत निम्मी कामं होतात आणि तिथं तुला जागा नाही, हे तुझं म्हणणं खरं आहे. त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. वजनकाट्यावरच्या बाबूंशी मात्र ओळख वाढव. कुणाची गाडी रांग मोडून आत आली, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. त्यांच्याकडून ऐकलेलं दुसरीकडे बोलू नकोस, नाहीतर पुढच्या वेळी नुसता चहा मिळेल.

आणि खोट्या यादीवर सही कर म्हणाले, तर हे सगळं विसर. "लेखी आदेश द्या" म्हण. निम्मे तिथंच गप्प बसतात. उरलेल्या निम्म्यांसाठी मला फोन कर.

पुढच्या आठवड्यात हंगामाची पहिली मोळी गव्हाणीत टाकायचा कार्यक्रम आहे ना? फोटोसाठी पुढं जाऊ नकोस. गव्हाणीच्या बाजूला उभी राहा आणि चेअरमनच्या मागून त्यांच्या कानात कोण बोलतं ते बघ. रविवारी आलीस की नाव सांग. माझा एक अंदाज आहे, बघू जुळतो का.

तुझा,
काका