रस्त्याकडेचा संच आणि टोलचा हिशेब

प्रश्न : सातारा-कागल महामार्गाचे सहापदरीकरण चालू आहे. धावत्या गाड्यांना पुढच्या रस्त्याची माहिती देणारे संच याच कामात कडेला बसवून घ्यावेत, असे मोटार उद्योगातील माझा पुतण्या म्हणतो. त्याचा खर्च शेवटी आमच्या टोलवर पडेल का?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : शहरातील रस्त्यांचा टोल आंदोलन करून घालवणाऱ्या कोल्हापूरकरांनी हा प्रश्न विचारणे साहजिकच आहे. राष्ट्रीय महामार्गावरील टोल 2008 च्या नियमांनुसार रस्त्याची लांबी आणि वाहनाचा प्रकार पाहून ठरतो. त्यात दरवर्षी 3 टक्के आणि घाऊक किंमत निर्देशांकातील वाढीच्या 40 टक्के एवढी भर पडते. संच बसवले म्हणून दर वाढवण्याची सोय या सूत्रात नाही आणि खरी अडचण नेमकी तिथेच आहे. अपघात टळला तर फायदा चालकाचा, विमा कंपनीचा आणि मागे खोळंबणाऱ्या वाहनांचा होतो, पण त्यातला एकही रुपया संच बसवणाऱ्या ठेकेदाराच्या हाती येत नाही. मग त्याने खांब, फायबर, अखंड वीज आणि वर्षानुवर्षांची देखभाल हा भार आपणहून का उचलावा?

गाडीमालकाचा हिशेबही याहून वेगळा नाही. शंभरातील दहा गाड्यांत असे संदेश देणारे-घेणारे यंत्र असेल, तर समोरासमोर आलेल्या दोन्ही गाड्या एकमेकींशी ‘बोलू’ शकण्याची शक्यता जेमतेम एक टक्का असते. रस्त्याकडेचा संच मात्र त्या दहाही गाड्यांना पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो, म्हणून सुरुवात सरकारी पैशातून करावी, असा युक्तिवाद केला जातो. तो मला तत्त्वतः पटतो, सरसकट नाही. अमेरिकेने 1999 मध्ये या कामासाठी रेडिओ लहरींच्या 5.9 गिगाहर्ट्झ पट्ट्यातील 75 मेगाहर्ट्झ राखून ठेवले. 2020 मध्ये त्यातील 45 वाय-फायसारख्या वापराला दिले आणि उरलेल्या 30 मध्ये जुन्या तंत्राऐवजी मोबाइलच्या धर्तीवरचे नवे तंत्र आणायचे ठरवले. ज्या राज्यांनी हौसेने जुने संच बसवले होते, त्यांची गुंतवणूक अडचणीत आली. रस्ता तीस वर्षे टिकतो, रेडिओचे तंत्र दहा वर्षांतच जुने होते.

शिवाय गळीत हंगामात रात्री उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत जाणाऱ्या ज्या ट्रॅक्टरला मागे साधा रिफ्लेक्टरही नसतो, तो कोणत्याही संचाशी बोलणार नाही. तो ओळखायचा तर खांबावर कॅमेरा किंवा रडार हवे, आणि तेथून खर्च आणखी चढतो.

तेव्हा सुमारे 130 किलोमीटरभर खांब रोवण्याऐवजी निवडक ठिकाणे धरावीत. शिरोलीजवळ 2019 आणि 2021 मध्ये पंचगंगेच्या पुराने महामार्ग बंद पडला होता. पाण्याची पातळी आणि वळवलेला मार्ग बराच आधी कळवणारी यंत्रणा तेथे सर्वांत आधी हवी. अशी सूचना काही मिनिटे उशिरा पोहोचली तरी चालते, त्यामुळे ती सध्याच्या मोबाइल जाळ्यावरूनही देता येईल. क्षणार्धात इशारा लागतो तो मोठ्या चौकांत आणि सेवा रस्ते महामार्गाला मिळतात तिथे. पुतण्याच्या म्हणण्यातला एक भाग मात्र आजच अमलात आणण्याजोगा आहे. खोदाई चालू असताना फायबरसाठी रिकामी नळी टाकून ठेवण्याचा खर्च रस्त्याच्या एकूण खर्चापुढे किरकोळ असतो, तर तयार रस्ता पुन्हा उकरायचा म्हटले की तो कितीतरी पटींनी वाढतो. महामार्ग प्राधिकरणाने 2023 मध्ये देशभर सुमारे 10,000 किलोमीटर फायबर टाकण्याची योजना जाहीर केली होती. आपल्या पट्ट्यात ही नळी आराखड्यात आहे की नाही, हे माहिती अधिकारात विचारता येईल.